खटका वाजतो, गाडी हलत नाही

"सर, खटका वाजतोय ना? मग ट्रिगर चालू आहे." नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानातल्या मुलाचं हे वाक्य आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. घराची बेल वाजते आणि दार कोणी उघडत नाही, तर मी आत गेलो असं धरायचं का?

थोडक्यात सांगतो. माझ्याकडे व्हिडिओ गेम खेळायचा एक्सबॉक्सचा जुना कंट्रोलर आहे. त्याच्या मागच्या बाजूला दोन ट्रिगर असतात, रेसिंगच्या गेममध्ये उजवा ॲक्सिलरेटर आणि डावा ब्रेक. कंपनीतून येतात तेव्हा ते मऊ असतात, बोट बरंच आत न्यावं लागतं. हल्ली ते आखूड करून घेतात. आत प्लास्टिकचा एक स्टॉपर बसवायचा, की बोट जरा हललं तरी 'टक्' आणि काम झालं. मीही त्याच दुकानात करून घेतलं. ८०० रुपये. आवाज इतका खणखणीत यायचा की पहिल्या संध्याकाळी मी टीव्ही बंद ठेवून नुसताच टकटक करत बसलो होतो.

मग गेम लावला. शर्यत सुरू झाली, बाकीच्या गाड्या धूळ उडवत गेल्या आणि माझी गाडी जागेवर. टक्. टक्टक्. गाडी ढिम्म. मागून कोणीतरी येऊन ठोकलं तेवढीच काय ती पुढे सरकली. सेटिंगमध्ये गेलो, तिथे 'हवं ते बटण दाबा' म्हणून गेम वाट बघत होता. मी दाबत होतो, तो वाट बघत होता.

आता माझा स्वभाव असा की कारण कळल्याशिवाय झोप लागत नाही. विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल टाइप केलं की कंट्रोलर तपासायची जुनी खिडकी उघडते. तिथे दोन्ही ट्रिगरांना मिळून एकच पट्टी असते. उजवा दाबला की एका टोकाला, डावा दाबला की दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही एकदम दाबले तर मधोमध. आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं: दोन्हीकडून पूर्ण जोर आणि ठराव जागच्या जागी. माझ्या बाबतीत एकेक दाबूनही पट्टी जेमतेम थरथरली. मग ब्राउझरमध्ये चालणारा एक टेस्टर उघडला, तो आकडा दाखवतो. सोडलेला ट्रिगर शून्य, पूर्ण दाबलेला एक. माझा खटका वाजायचा तेव्हा आकडा ०.०९.

तिथे उलगडा झाला. या ट्रिगरमध्ये बटण नसतंच मुळी. ट्रिगरला एक चिमुकलं लोहचुंबक असतं आणि समोर सेन्सर. चुंबक किती जवळ आलं यावरून बोट किती दाबलंय ते कळतं. एडविन हॉलने १८७९ साली शोधलेला परिणाम तो हाच. तो आकडा ० ते २५५ मध्ये गेमकडे जातो, आणि एक्सइनपुट नावाच्या ज्या व्यवस्थेतून जातो तिच्यात ट्रिगरसाठी ३० चा उंबरठा ठरवून दिलाय. उंबरठ्याच्या आतलं सगळं बोट चुकून लागलं असं समजून सोडून द्यायचं. माझा ०.०९ या मापात तेवीसच्या आसपास. स्टॉपर इतका जाड, की चुंबक सेन्सरच्या जवळ पोचायच्या आधीच खटका वाजून मोकळा.

एवढं सगळं मी मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून नेलं. पोराने स्क्रीनशॉटकडे बघितलंसुद्धा नाही. कंट्रोलर कानाशी धरला, टक् केलं आणि ते वरचं वाक्य बोलला. मग म्हणाला, "गेमचा प्रॉब्लेम असेल. गेम ओरिजिनल आहे का?"

याच वेळी काउंटरच्या कडेला स्टुलावर बसलेल्या काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

काका फोनला ग्लास बसवायला आले होते. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून कोथिंबीर डोकावत होती. पोराने बसवलेल्या ग्लासमध्ये एका कोपऱ्यात बुडबुडा राहिला म्हणून त्यांनी तो परत काढायला लावला होता, आणि नवा येईपर्यंत त्यांना उद्योग हवा होता.

"काय आहे हे? बीपीचं मशीन?"

"नाही काका, गेमचा कंट्रोलर."

"मुलाचा का?"

"माझा."

काकांनी माझ्या केसांकडे पाहिलं. शेजारी फोनचं कव्हर निवडणाऱ्या बाईंनीही पाहिलं. "हां हां," काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलं असेल. बोटांना व्यायाम." मी नाही म्हणालो, पण तोवर त्यांनी मान डोलावून माझा आजार मान्य केला होता.

मग त्यांनी ट्रिगर दाबला. डोळे मिटून. टक्. सावकाश सोडला. पुन्हा टक्. "प्ले आहे," ते म्हणाले. "ॲक्सिलरेटरला प्ले आहे. स्कूटरची वायर सैल झाली की मूठ पिळतो आणि गाडी ऐकत नाही, तसलं प्रकरण. मी सातपूरला कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, ३० वर्षं. अरे बाळा, याचं ड्रॉइंग आहे का?"

"कसलं ड्रॉइंग?"

"या पार्टचं. जाडी किती, टॉलरन्स किती. प्लस मायनस काही असेल की नाही?"

"काका, पाकिटात येतात, आम्ही बसवतो."

"बसवतो! गो नो-गो गेज तरी आहे का?"

"गोप्रो ठेवत नाही आपण. शालिमारला विचारा."

काका क्षणभर गप्प झाले. निवृत्त माणसाला एवढं दुखावलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. नंतरची पाच-दहा मिनिटं त्यांनी त्या पोराला, मला आणि कव्हरवाल्या बाईंना मिळून गेज म्हणजे काय ते सांगितलं. भोकात जाणारं टोक कोणतं, न जाणारं कोणतं, आणि न जाणारं गेलं तर पूर्ण लॉट कसा परत पाठवायचा. बाईंनी हातात आलं ते कव्हर घेतलं आणि निघून गेल्या. मला मात्र पटत होतं. त्या दुकानात एवढ्या वेळात मुद्द्याचं बोललेला तो एकच माणूस होता, फक्त तो स्कूटरबद्दल बोलत होता.

"रिजेक्ट नको करू," शेवटी काकांनी निकाल दिला. "रिवर्कला टाक. घास."

आणि पोराने मुकाट्याने कानस काढली! माझे स्क्रीनशॉट, माझा ०.०९, माझं १८७९ साल गेलं खड्ड्यात. काकांनी 'घास' म्हटलं की घासायचं. काका मोजत होते, "अजून एक हात. बास. फुंकर मार." माझ्या लॅपटॉपवर टेस्टर लावून बघितलं. उजवा थेट ०.४ पर्यंत गेला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बिल त्यांनाच द्यायचं होतं.

डाव्या ट्रिगरला पोराला आत्मविश्वास आला. लोखंडी चिमटा घेऊन तो आत घुसला, आणि चिमटा बाहेर आला तेव्हा टोकाला ते चुंबक चिकटलेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. त्याने हात झटकला. काउंटरखाली वर्षानुवर्षांचे स्क्रू, सिमचे तुकडे, पिना. लोखंडाच्या त्या ढिगाऱ्यात चुंबक कुठे जाऊन चिकटलं असेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. काका नव्या ग्लासच्या फोनचा टॉर्च लावून गुडघ्यावर बसले. एक चुंबक सापडलंही, पण ते कोणाच्या तरी फ्लिप कव्हरचं निघालं. "मॅग्नेट ते मॅग्नेट," म्हणत पोराने तेच कोंबलं. झाकण लागेना.

मग मला राग आला. खरा. पैसे घेताना 'प्रोफेशनल मॉडिंग', आणि बिघडलं की गेमचा दोष, विंडोजचा दोष, माझ्या बोटाचा दोष. पावती मागितली तर "सर, विश्वास आहे ना?" विश्वास होता म्हणून तर कंट्रोलर दिला होता. एवढ्याशा वस्तूत इतकं काही नाजूक बसवलेलं असतं, आणि ते उघडणाऱ्याला आत काय आहे हे माहीत करून घ्यायचं नसतं. वर घासण्याचे १५० रुपये वेगळे मागितले. मी दिले, कारण काका मध्ये पडले आणि म्हणाले, "रिवर्कचा चार्ज असतोच."

"पण ब्रेक नाही लागणार आता," मी म्हणालो.

"नाशिकमध्ये राहता ना?" काका कोथिंबीर सावरत उठले. "द्वारका चौकात कधी कोणाला ब्रेक मारताना बघितलंय?"

सध्या मी ब्रेकचं काम दुसऱ्या एका बटणावर घेतलंय. वळण आलं की अंगठा चुकतो आणि गाडी भिंतीत जाते, पण जाते तरी. चुंबक मागवलंय, सोमवारी या, असं पोराने सांगितलंय. त्याच्या शटरवर ठळक अक्षरांत लिहिलंय: सोमवारी दुकान बंद.