आमदार अर्थसंकल्पातली रक्कम वाढवू शकतो का? फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

विधिमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन सुरू झाले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे आहे. अर्थमंत्र्यांनी भाषण वाचले की अर्थसंकल्प मंजूर झाला. आपल्या तालुक्यातल्या साकवाला (ओढ्यावरच्या छोट्या पुलाला) किंवा जेटीला कमी पैसे मिळाले असतील, तर आमदाराने दुरुस्ती मांडून ते वाढवून घ्यायला हवे होते. त्याने उलट ‘कपात सूचना’ दिली, म्हणजे आपल्याच भागाचे पैसे कापायला तो निघाला. विधान परिषदेनेही काही अडवले नाही. आणि वर्षभर येणाऱ्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्या) म्हणजे विधिमंडळाला न विचारता उधळलेला पैसा. कोकणाच्या पदरात काय पडते ही या संदेशामागची काळजी रास्त आहे आणि ती मलाही आहे. परंतु त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि त्यामुळे लोक जाब विचारतात तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या ठिकाणी.

भाषणाचे आधी पाहू. संविधानाच्या अनुच्छेद 202 प्रमाणे विधिमंडळापुढे जे ठेवले जाते ते वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र असते, म्हणजे जमाखर्चाचा अंदाज. त्यावर सर्वसाधारण चर्चा होते, मग खातेनिहाय अनुदान मागण्या, म्हणजे प्रत्येक खात्याने खर्चासाठी मागितलेल्या रकमा, विधानसभेत मतास टाकल्या जातात आणि शेवटी त्या रकमा काढण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक येते. ते संमत होऊन त्याला राज्यपालांची अनुमती मिळेपर्यंत राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. हे सारे 31 मार्चपूर्वी उरकणे शक्य नसेल तर अनुच्छेद 206 खाली लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती आगाऊ मंजुरी, घेतले जाते. 2024 मध्ये तसेच झाले: 27 फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडून चार महिन्यांची सोय करण्यात आली आणि लोकसभेची निवडणूक झाल्यावर 28 जूनला पूर्ण वर्षाचा अर्थसंकल्प मांडला गेला.

संदेशातला सर्वांत दिशाभूल करणारा भाग दुरुस्तीचा आहे, कारण ज्या अधिकारासाठी आमदाराला धारेवर धरले जाते तो अधिकार त्याला नाहीच. अनुच्छेद 203 विधानसभेला तीनच गोष्टी करू देतो: मागणी मंजूर करणे, ती नाकारणे किंवा तिची रक्कम कमी करून मंजूर करणे. वाढवणे त्यात नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय कोणतीही अनुदान मागणी मांडता येत नाही, आणि ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते. मागण्या मंजूर झाल्यावर विनियोजन विधेयकात रक्कम बदलणारी किंवा ती दुसऱ्या कामाकडे वळवणारी दुरुस्ती अनुच्छेद 204 मांडूच देत नाही. कर्जावरील व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन असा जो भारित खर्च असतो, त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान मात्र होत नाही. ही रचना मला योग्य वाटते: पैसा उभा करण्याची जबाबदारी ज्याची, खर्चाचा प्रस्तावही त्याचाच असावा. नाहीतर 288 सदस्यांनी आपापल्या मतदारसंघासाठी रक्कम वाढवत नेली असती आणि तुटीचे उत्तर कोणालाच द्यावे लागले नसते.

म्हणूनच कपात सूचनेची थट्टा अन्यायाची आहे. ‘या मागणीतून 100 रुपये कमी करावेत’ अशी लाक्षणिक सूचना आमदार देतो तेव्हा त्याला शंभर रुपये वाचवायचे नसतात. अमुक गावचा साकव दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला, मुलांना ओढ्यातून शाळेत जावे लागते, हे गाऱ्हाणे त्या खात्याच्या मागणीवर नेमके नोंदवण्याची ती रीतसर वाट आहे. ज्या आमदाराने ती दिली त्याने आपले काम केले.

रक्कम ठरते ती त्याच्या कितीतरी आधी. पावसाळा सरता सरता खात्यांकडून अंदाज मागवले जातात, वित्त विभाग त्यांना कात्री लावतो, आणि जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत आकार घेतो. त्यानंतर कोकण विभागातल्या जिल्ह्यांच्या आराखड्यांवर अर्थमंत्र्यांकडे राज्यस्तरीय बैठक होते. साकवासाठी भांडायचे असेल तर ते या टप्प्यावर, म्हणजे भाषणाआधी काही महिने.

तरतूद म्हणजे हातात आलेले पैसेही नव्हेत. समजा, साठ लाखांच्या साकवापुढे चालू वर्षाची तरतूद दहा लाख छापली आहे. गावात पेढे वाटले जातात ते साठ लाखांचे. विधानसभेने मंजूर केलेले असतात दहा, आणि त्यांतलेही बीम्स या शासनाच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर वितरित होतील तेवढेच खर्च करता येतात. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश हे सोपस्कार होईपर्यंत जून उजाडतो. मग चार महिने ओढ्यात पाय ठेवता येत नाही. काम खऱ्या अर्थाने दिवाळीनंतर सुरू होते आणि 31 मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. कोकणातली कामे रखडण्यात या वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे, आणि आमदाराला विचारायचा प्रश्न तोच आहे: पावसाळ्याआधी मान्यता का मिळाली नाही?

विधान परिषदेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. परिषदेत अर्थसंकल्पावर चर्चा होते, पण मागण्यांवर मतदान होत नाही. विनियोजन विधेयक हे धन विधेयक असल्याने परिषदेने ते 14 दिवसांत परत पाठवायचे असते, आणि तिच्या शिफारशी स्वीकाराव्यात की नाही हे विधानसभा ठरवते.

राहिला पुरवणी मागण्यांचा आरोप. अनुच्छेद 205 खाली त्या विधानसभेतच मांडल्या जातात, त्यांवर मतदान होते आणि स्वतंत्र विनियोजन विधेयक संमत करावे लागते. 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ किंवा 22 जुलै 2021 चा चिपळूणचा महापूर मार्चमध्ये कोणाला दिसणे शक्य नव्हते. अशा वेळी अनपेक्षित खर्चासाठी राखलेल्या आकस्मिकता निधीतून अग्रिम (आगाऊ रक्कम) घेता येतो आणि तो नंतर पुरवणी मागणीतून भरून काढावा लागतो. टीकेला जागा आहे ती दुसरीकडे. 28 जून 2024 ला अर्थसंकल्प मांडल्यावर त्याच अधिवेशनात, जुलैमध्ये, 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात हा आकडा 57,509 कोटींचा होता. इतक्या लवकर इतकी भर लागते, तेव्हा मूळ अंदाज किती गांभीर्याने बांधला होता, असे विचारलेच पाहिजे. पण तो प्रश्न अंदाजाच्या दर्जाचा आहे, बेकायदेशीरपणाचा नाही.

विधिमंडळाला न विचारता झालेला खर्च वेगळ्या नावाने नोंदला जातो: मंजूर अनुदानापेक्षा जादा झालेला खर्च. तो महालेखापालांनी तयार केलेल्या विनियोजन लेख्यांत खातेनिहाय दिसतो, विधिमंडळाची लोकलेखा समिती त्याची कारणे खात्याच्या सचिवांना विचारते, आणि विधानसभेने पुन्हा मतदान करून तो नियमित केल्याशिवाय त्याचे प्रकरण मिटत नाही.