गुण शंभर, पण फोटो कुठाय?

वेबसाइटच्या वेगावरच्या तुमच्या लेखात लाइटहाउसचे (गुगलचं साइट तपासायचं साधन) १०० गुण हेच ध्येय मानलंय, ते मला पटत नाही. ते गुण एका चाचणीचे. गुगलच्या अहवालात मागच्या २८ दिवसांतल्या खऱ्या भेटींचा ७५वा पर्सेंटाइल असतो, म्हणजे चारपैकी तीन भेटींना जेवढा किंवा त्याहून कमी वेळ लागला तो आकडा. मी सांभाळतो त्या साड्यांच्या साइटला लॅपटॉपवर ९६ गुण होते, पण साध्या फोनवर वरचा पैठणीचा फोटो यायला सहा सेकंद! त्याच फोटोला लेझी लोडिंग (फोटो पडद्यावर यायची वेळ झाली की मगच तो उतरवणं) लावलेलं होतं. ते काढलं, फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात दिला, एलसीपी (पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) अडीच सेकंदांच्या आत आला. शिवाय मार्च २०२४मध्ये गुगलच्या मापांत एफआयडीच्या (पहिल्या क्लिकनंतर ब्राउझर कामाला लागेपर्यंतचा वेळ) जागी आयएनपी (बटण दाबल्यापासून पडदा बदलेपर्यंतचा वेळ) आलं, ते लेखात हवंच होतं. बटण दाबून पडदा ढिम्म राहिला की गिऱ्हाईक पुन्हा दाबतं, आणि आमच्याकडे एकच ऑर्डर दोनदा यायची.