डोस दुप्पट, पण वेळ दुप्पट नाही
एडीएचडीवरच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) औषधाबद्दलचा, म्हणजे मिथिलफेनिडेटबद्दलचा लेख आवडला, पण त्यातलं ‘मिथिलफेनिडेट लवकर उतरत असेल तर डोस वाढवून घ्यावा’ हे वाक्य खटकलं. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणून या गणितात आम्ही चांगलेच पोळलो आहोत.

या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण अडीच तास. म्हणजे १० मिग्रॅऐवजी २० दिलं, तर अडीच तासांनी अंगात पुन्हा १० च्या आसपास उरतं आणि तिथून पुढे तोच जुना उतार. दुप्पट गोळीने मिळाले ते जेमतेम अडीच तास! चढ मात्र पुरता दुप्पट. आमच्याकडे डोस वाढवला तेव्हा भूक मरून शाळेचा डबा जसाच्या तसा घरी यायचा, छातीत धडधड व्हायची, आणि संध्याकाळी औषध उतरताना जी चिडचिड सुरू व्हायची ती विचारू नका. आजी म्हणायची, पोराला दृष्ट लागली.

साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तासच टिकतो. वेळ वाढवायची तर गोळीची घडण बदलावी लागते. कॉन्सर्टा या मिथिलफेनिडेटच्याच लांब पल्ल्याच्या गोळीमध्ये सुमारे २२ टक्के औषध बाहेरच्या थरात असतं, ते लगेच सुटतं. बाकीचं आत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने हळूहळू बाहेर पडतं, म्हणून परिणाम दहा-बारा तास पुरतो. आणि हो, ही गोळी चावायची किंवा फोडायची नाही; आम्ही एकदा अर्धी करायला निघालो होतो!

शेवटी आमच्या डॉक्टरांनी डोस न वाढवता दुपारची एक छोटी गोळी जोडून दिली. आता डबा रिकामा येतो.