काडीमात्र अट

पुण्यात भाड्याचं घर मिळवणं एक वेळ सोपं, करारनामा पार पडणं अवघड. त्या रविवारी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरमालकांकडे आला होता. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, सगळ्यांचे अंगठे, की झालं! पण काकांनी चष्मा पुसला, इंग्रजी मसुदा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि सातव्या कलमाशी बैल बसावा तसे बसले.

"हे 'स्टिप्युलेटेड पिरियड' काय आहे हो?"

मी ऑफिसात रोज इंग्रजीत मेल पाठवतो. आत्मविश्वासाने म्हणालो, "स्टिप्युलेट म्हणजे उत्तेजन देणं, काका."

"म्हणजे तुम्ही उत्तेजित मुदतीत घर सोडणार?"

एजंटाला खोकला आला. तो शब्द स्टिम्युलेट, हे मला तेव्हा सुचलं. एका 'म्यु'ने घात केला.

गुपचूप मोबाइल काढला. स्टिप्युलेट म्हणजे करारात स्पष्ट अट घालणं. रिक्षावाला 'सुटे असतील तरच बसा' म्हणतो ते स्टिप्युलेट नव्हे, ती नुसती दमदाटी. स्टिप्युलेटला अंगात कागदाचा रुबाब लागतो. आपल्या 1872च्या करार कायद्यात 74व्या कलमाच्या मथळ्यातच हा शब्द ठाण मांडून आहे, त्यामुळे वकील तो सोडणं शक्य नाही. मराठीला असले नखरे नाहीत. आपण शर्ट घालतो, चहात साखर घालतो, देवाला साकडं घालतो आणि त्याच हाताने अटही घालतो.

वाचता वाचता मी रोमला पोचलो. तिथे 'स्टिपुलातिओ' हा चक्क तोंडी करार होता. एकाने विचारायचं, "स्पॉन्देस?" वचन देतोस? दुसऱ्याने लगेच त्याच क्रियापदात उत्तर द्यायचं, "स्पॉन्देओ." देतो. नुसती मान हलवून भागत नसे. आपल्याकडे "हं, बघू" एवढ्यावर लग्नं ठरतात, तिथे उधारीसुद्धा मिळाली नसती. सातव्या शतकातला स्पेनमधल्या सेव्हिलचा विद्वान बिशप इसिडोर तर सांगतो की हा शब्द 'स्टिपुला', म्हणजे गवताची काडी, यावरून आला. वचन देताना लोक काडी मोडत. या व्युत्पत्तीला आजचे सगळे अभ्यासक काही मान डोलावत नाहीत. मी डोलावली, आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं.

स्वयंपाकघरातून काकू कडाडल्या, "काडी मोडतात ती काडीमोड घेताना! भाडेकरू यायच्या दिवशी काय अभद्र बोलताय?"

काकांना मात्र रोम फारच पटलं. मसुदा बाजूला सारून ते ताठ बसले.

"भिंतीला खिळे ठोकणार नाही, वचन देता?"

"देतो."

"पाहुणे आठ दिवसांच्या वर राहणार नाहीत, वचन देता?"

मला सासूबाईंचं तिकीट आठवलं. मी मान हलवली.

"मान नाही चालत. तुम्हीच म्हणालात."

"...देतो."

"सर, हे मसुद्यात नाहीये," एजंट म्हणाला. "घालायचं तर टायपिंगचे वेगळे."

काकांनी क्षणभर विचार केला आणि खर्चाच्या भीतीने रोमन साम्राज्य आवरतं घेतलं. मग अंगठे. काकांचा एका झटक्यात लागला. माझा पाच वेळा लावला तरी यंत्र ओळख दाखवेना.

"कपाळावर घासा," एजंट म्हणाला.

घासला. यंत्राने तेवढ्यात मान्य केलं. कोणत्याही अटीशिवाय.