तार पडली म्हणजे लाईन बंद झाली, असं नसतं

पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: "अकरा केव्हीची तार तुटून जमिनीला टेकली की सबस्टेशनचा ब्रेकर लगेच पडतो. ठिणग्या नसतील तर तार मेलेली समजा. कोरड्या काठीने बाजूला सारा, गुरंढोरं वाचवा." पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातलं एकेक वाक्य जीव घेणारं आहे. उपकेंद्रांत रिले (करंटवर पहारा ठेवून ब्रेकर पाडणारी उपकरणं) तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"ब्रेकर लगेच पडतो." ब्रेकरला तार दिसत नाही. त्याला 'पड' म्हणून सांगतो रिले, आणि रिलेला कळतो फक्त करंट. समजा फीडरची (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनची) सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, 300 अँपिअरची आहे आणि अर्थ फॉल्टचं, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या करंटचं, सेटिंग 20 टक्के आहे. म्हणजे 60 अँपिअरच्या खाली रिले हलणारच नाही. आता पडलेल्या तारेतून जमिनीत किती जातो ते बघा. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 12.5 केव्हीसाठी दिलेले आकडे असे: ओल्या गवतावर सुमारे 50 अँपिअर, कोरड्या गवतावर 25, ओल्या वाळूवर 15, कोरड्या डांबरावर जवळजवळ शून्य. आपल्या अकरा केव्हीवर याहून थोडे कमीच. साठाला यातला एकही पोचत नाही. बरं, नशिबाने 120 अँपिअर मिळाले, तरी नेहमीच्या आयडीएमटी कर्व्हवर (करंट जितका जास्त, तितका रिले लवकर चालतो), टीएमएस म्हणजे वेळेचं सेटिंग 0.1 असताना, रिले 1 सेकंद घेतो.

मग सेटिंग खाली का आणत नाहीत? प्रश्न रास्त आहे. फॉल्टच्या सगळ्यात जवळचं उपकरण आधी तुटावं, मागचं थांबावं, यालाच कोऑर्डिनेशन म्हणतात. फीडरच्या फाट्यावरचा डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज आधी उडाला पाहिजे, फीडरचा रिले त्याच्यानंतर, आणि इनकमरचा (सगळ्या फीडरांना वीज देणाऱ्या मुख्य ब्रेकरचा) त्याच्याही मागे 0.3 ते 0.4 सेकंदांनी. रिले फार हळवा केला तर झाडाची फांदी घासली, लाईन चार्ज करताना रोहित्रांनी करंट ओढला, तीन सीटींत थोडा फरक पडला, तरी अख्खा फीडर जातो. दहा गावं अंधारात गेली की फोन सुरू होतात आणि ऑपरेटर ट्रायल घेतो. त्या वेळी तार खाली पडलेली असेल, तर तिच्यात पुन्हा वीज सोडली जाते. थोड्याच अँपिअरवर चालणारे संवेदनशील अर्थ फॉल्ट रिले आहेत, ते जास्त फीडरवर बसावेत असं मला मनापासून वाटतं. पण डांबरावरची तार त्यांनाही दिसत नाही.

आता मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही, ते सांगतो. तार तुटली की दोन टोकं होतात. उपकेंद्राकडच्या टोकाला सगळे घाबरतात आणि रोहित्राकडचं टोक मेलेलं समजतात. पण रोहित्राची अकरा केव्हीची बाजू डेल्टा जोडणीची असते, म्हणजे आतली तीन वाइंडिंग (तारेची वेटोळी) त्रिकोणात जोडलेली असतात. तुटलेल्या फेजचं टर्मिनल आतल्या वाइंडिंगमधून उरलेल्या दोन फेजांना जोडलेलंच राहतं. म्हणून त्या "मेलेल्या" तुकड्यात मागून तीन हजारांवर व्होल्ट येऊ शकतात. करंट मात्र वाइंडिंगमधून येतो म्हणून इतका थोडा, की रिलेला तो रोजच्या लोडसारखाच वाटतो.

"ठिणग्या नाहीत, म्हणजे करंट नाही." मुरमाड, वाळूच्या जमिनीवर तार पडली की आधी आर्क तडतडतो. करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, प्रत्येक वेळी आर्क विझतो आणि परत पेटतो. त्या उष्णतेने वाळू वितळून तारेभोवती काचेसारखी गुठळी धरते. अशी गुठळी मी हातात घेतली आहे, काळपट हिरवी, आत पोकळ. ती धरली की आर्क थांबतो, आवाज बंद होतो. तारेत व्होल्टेज मात्र पूर्ण असतं. शांत पडलेली तार म्हणूनच जास्त फसवते.

"कोरडी काठी." पावसात काठी कोरडी राहत नाही, आणि गमबूट अकरा केव्हीसाठी बनवलेले नसतात. शिवाय तारेजवळच्या जमिनीतच व्होल्टेज पसरलेलं असतं. दोन पावलांत अंतर पडलं की एका पायातून वर आणि दुसऱ्यातून खाली करंट जातो. गाय-बैलांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ती आधी जातात, आणि त्यांना सोडवायला धावलेला मालक त्यांच्या पाठोपाठ.

तार दिसली की निदान दहा मीटर लांब थांबा. आधीच जवळ गेला असाल तर पाय न उचलता, जोडून घासत मागे या. 1912 ला फोन करून खांबावरचा नंबर सांगा आणि दोन्ही बाजूंनी रस्ता अडवून उभे राहा. लाइनमन लाईन बंद केल्याचं परमिट घेऊन, दोन्ही टोकांना अर्थिंग रॉड लावेपर्यंत तारेला कोणाचाही हात लागू देऊ नका.