सडा, सातबारा आणि कातळातला हत्ती

गेल्या माघात राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, भर दुपारी पोहोचलो, तेव्हा मी जमिनीवरच्या कातळात कोरलेल्या हत्तीसमोर उभा असूनही मला हत्ती दिसला नव्हता. ऊन कलले, जांभ्यातल्या उथळ रेघांमध्ये सावली भरू लागली आणि मग सुमारे १८ मीटर लांबीचा तो हत्ती, त्याच्या पोटातले मासे, पक्षी आणि इतर प्राणी एकेक करून वर आले. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडासुद्धा आहे. आज इथे गेंडा नाही, यावरून हे कोरीवकाम किती जुने असेल याचा अंदाज बांधावा.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत ही कातळशिल्पे आली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील सात ठिकाणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसाईमळ आहे. त्याचा आनंद आहेच, पण ज्यांच्या सातबाऱ्यावर हा कातळ आहे त्यांच्या हाती यातून काय पडते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. सडा म्हणजे पावसाळ्यात गुरांना चार दिवस चारा आणि एरवी पडीक जमीन, अशीच त्याची गणना होत आली. त्यातच जमीन सामायिक, निम्मे हिस्सेदार मुंबईला. अशा वेळी चिरेखाणीचा, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे काढणारा, ठेकेदार रोख पैसे पुढे करतो, किंवा कातळ फोडून कलमे लावण्याचा हिशेब मांडला जातो, तेव्हा 'हा जागतिक वारसा आहे' एवढेच सांगून त्या माणसाला अडवणे मला अन्यायाचे वाटते. (राजापूर तालुक्यातल्याच बारसूच्या सड्यावर प्रस्तावित रिफायनरीचा वाद पेटला, तेव्हा कुठे अनेकांना ही चित्रे आठवली, हेही नमूद करायला हवे.)

उक्षीच्या ग्रामस्थांनी मात्र आपल्या हत्तीभोवती जांभ्याचा गोल कठडा उभारला. देवी हसोळला आर्यादुर्गेच्या उत्सवात लोक कातळशिल्पापाशी जमतात. तिथे त्याला राखणदार नेमावा लागत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, सरकारने संरक्षित क्षेत्राचा फलक लावण्याआधी जमीनमालकांशी दीर्घ मुदतीचा भाडेकरार करावा, वाटाड्याचे काम गावातल्याच मुलामुलींना प्रशिक्षण देऊन सोपवावे आणि प्रवेशशुल्क ग्रामपंचायतीकडेच राहू द्यावे. रेघांवर खडू ओढून फोटो काढणाऱ्या पाहुण्याला बाहेरचा पहारेकरी जेवढा हटकेल, त्याहून अधिक तत्परतेने ज्याची चूल त्या रेघांवर पेटते तो हटकेल.

आमचेच सांगतो. आम्ही पाच जण गाडीने आलो, ऊन उतरेपर्यंत सड्यावर थांबलो, मनसोक्त फोटो काढले आणि जेवायला थेट रत्नागिरी गाठली. गावात कोणी पिठलंभाकरी करून देईल का, हे विचारण्याची बुद्धी आमच्यापैकी एकालाही झाली नाही.