हीट शील्डच्या तक्रारीला उत्तर: पत्रा बरोबर होता, काळा रंग चुकला

नमस्कार साहेब,

आम्ही करून दिलेल्या ॲल्युमिनियमच्या हीट शील्डला, म्हणजे इंजिनची धग एअर फिल्टरला लागू नये म्हणून मध्ये बसवतात त्या पत्र्याला, तुम्ही दोन स्टार देऊन तीन गोष्टी लिहिल्यात. गोव्याहून येताना चोर्ला घाट चढून कणकुंबीत थांबलात, बॉनेट उघडलं, शील्डला बोट लागलं आणि चटका बसला, म्हणजे ॲल्युमिनियम कुचकामी, प्लास्टिकचं करायला हवं होतं. गाडी उभी असली की खडखड वाजतं. आणि पत्र्याच्या तुकड्याला २८०० रुपये घेतले.

खडखड ही आमचीच चूक. बॅटरीकडच्या काठाला रबरी बीडिंग लावलं, कारण तिथं उघडा पत्रा टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होतो. फेंडरकडच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याकडच्या काठाला लावायचं राहिलं. बॉनेट पाडून इंजिन आयडलवर ठेवून पाच मिनिटं कान दिला असता तर तेव्हाच कळलं असतं. तो दिला नाही, माफ करा.

पण प्लास्टिकचं मनावर घेऊ नका. साधं एबीएस प्लास्टिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि तुमच्या गाडीत शील्डच्या पलीकडे जो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा जळका धूर बाहेर नेणारा पाइप) आहे तो घाटात कित्येकशे अंशांवर जातो. मऊ पडलेलं प्लास्टिक फिल्टरवर वाकलं तर मग खरी तक्रार झाली असती. ॲल्युमिनियम ६६० अंशांपर्यंत वितळत नाही आणि वजनाला लोखंडाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. स्टेनलेस उष्णता पुढं फार कमी नेतं, मॅनिफोल्डला अगदी खेटून बसवायचं असतं तर मीही तेच घेतलं असतं. पण ते जड, वाकवलं की परत उसळी मारतं आणि तुमच्या फेंडरच्या गोलाईला जुळवणं अवघड. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा सगळ्यात स्वस्त. पण तो कापला की काठाचं जस्त जातं, आणि खानापूरकडच्या पावसात काठापासून गंज धरतो.

आता चटक्याचं. स्टीलच्या पेल्यात चहा ओतला की पेला धरवत नाही, कपात तोच चहा असला तरी कप धरवतो. ॲल्युमिनियम बोटाला उष्णता चटकन देतं, म्हणून ते जास्त तापल्यासारखं वाटतं. शिवाय तुम्ही हात लावलात तो गाडी थांबल्यावर. तेव्हा समोरून वारा नाही, मॅनिफोल्डची सगळी धग वर येते, आणि कुठलंही शील्ड त्या वेळी तापणारच. शील्डचं काम गाडी धावत असतानाचं आहे, फिल्टरला समोरची गार हवा मिळू देणं. हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली तर सुमारे ९ टक्के विरळ होते, तेवढा ऑक्सिजन इंजिनला कमी. फिल्टरजवळ थर्मामीटरची वायर ठेवून चालत्या गाडीत आकडा बघा, तो खरं सांगेल.

तरीही तुमची तक्रार पूर्ण खोटी नाही, आणि हे मला मनापासून सांगायचंय. ॲल्युमिनियम निवडायचं मोठं कारण त्याची चकाकी. चकचकीत पत्रा इंजिनची धग परत फेकतो, स्वतः फार थोडी घेतो. तुम्हाला दोन्ही बाजूंनी मॅट काळं पावडर कोटिंग हवं होतं, दिसायला छान म्हणून. मी करून दिलं. काळा थर धग शोषून घेतो, म्हणजे इंजिनकडची बाजू काळी करून आम्ही त्या धातूचा मुख्य गुणच झाकला. गिऱ्हाईकाला नाही म्हणायला जड जातं, पण त्या दिवशी म्हणायला हवं होतं.

पैशाचं एवढंच सांगतो: पत्र्याची किंमत त्यात थोडीच. पुठ्ठ्याचे तीन साचे कापले तेव्हा चौथा बॅटरीला न लागता बसला, मग बेंडिंग, स्टेनलेस बोल्ट आणि खाली नायलॉनचे वॉशर, म्हणजे दोन धातू एकमेकांना लागून ॲल्युमिनियम खात जाऊ नये. मजुरी गेली ती तिथं.

शील्ड घेऊन बेळगावात उद्यमबागेत या. इंजिनकडचा काळा थर खरवडून पुन्हा पॉलिश करून देतो, वरची बाजू तुम्हाला आवडते तशी काळीच राहू दे, आणि फेंडरच्या काठाला बीडिंग. एक पैसाही घेणार नाही. सकाळी लवकर आणा, रात्रभर उभी राहिलेली गाडी असली की गार इंजिनवर हात घालता येतो, तासाभरात काम होतं. या वेळी बॉनेट पाडून, इंजिन चालू ठेवून, तुमच्यासमोरच ऐकू.